पाहिजे : आयटी बघणारा

भोसरी एमआयडीसीत सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार विभागला जावा म्हणून औद्योगिक वसाहतींना कधीकाळी वेगवेगळे वार वाटून दिले गेले. त्यात पिंपरी-चिंचवडच्या वाट्याला गुरुवार आला आणि तो इतका मुरला, की इथल्या घरातली सत्यनारायणाची पूजा, गाडीचं सर्व्हिसिंग, बँकेची कामं सगळी गुरुवार बघून ठरतात. कामगाराला त्यात काही वावगं वाटत नाही. संगणकाच्या कामासाठी मुलाखतीला आलेल्या मुलाला मात्र मी हे सांगते तेव्हा तो आधी हसतो. मग चेहरा बदलतो. "मॅडम, म्हणजे शनिवारी आणि रविवारी, दोन्ही दिवस यायचं?" त्याचे वर्गमित्र हिंजवडीला आहेत. त्यांना आठवड्याला दोन सुट्ट्या, त्याही साऱ्या जगाबरोबर. आमच्याकडे एक, आणि त्या दिवशी त्याच्यासोबत सिनेमाला यायला कुणी मोकळं नसतं. कितीतरी मुलाखती माझ्याकडे या एका प्रश्नावर संपल्या आहेत. पगाराचा विषय निघण्याच्याही आधी.

मी एका वेंडर कंपनीत एचआर-अ‍ॅडमिन बघते. जुनी शेड भोसरीत, नवी चाकणला खराबवाडीत. प्रेस पार्ट आणि मशीनिंग. माल थोडा थेट गाडी कंपन्यांना जातो, बराचसा त्यांच्या मोठ्या पुरवठादारांना. आमच्यासारख्या ठिकाणी एचआर म्हणजे हजेरी, पगार, पीएफ, ईएसआयसी, कॅन्टीनचा ठेकेदार, लेबर काँट्रॅक्टरची माणसं, फॅक्टरी इन्स्पेक्टरची भेट आणि दिवाळीची मिठाई. भरती त्यातलंच एक काम. सीएनसी ऑपरेटर, व्हीएमसी सेटर, हेल्पर हवे असले की गेटवर 'पाहिजेत'ची पाटी लावायची, दोन जुन्या ऑपरेटरांच्या कानावर घालायचं. गावाकडून कुणाचा चुलतभाऊ, कुणाचा मित्र हजर होतो. त्याला मशीनवर उभं करायचं, एक जॉब काढून घ्यायचा, मायक्रोमीटरनं तपासायचा. अर्ध्या तासात कळतं, येतं की नाही. 'आयटी बघणारा' घेताना यातलं एकही साधन चालत नाही. पाटी वाचून जो येतो तो वेगळ्याच कामासाठी आलेला असतो, आणि त्याची परीक्षा घ्यायला कंपनीत कुणाला तेवढं येत नसतं.

हा माणूस लागायला लागला कधीपासून, हे मला तारखांनी सांगता येतं. टेल्को, बजाज अशा मोठ्या कंपन्यांमध्ये ईडीपी नावाचं संगणक खातं जुनंच. छोट्या शेडमध्ये संगणक म्हणजे अकाउंटंटच्या टेबलावरची टॅली. बिघडला तर एएमसीवाला, म्हणजे वार्षिक देखभालीचा माणूस, यायचा, फुंकर मारून रॅम परत बसवायचा आणि चहा पिऊन जायचा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. पुढच्या वर्षी १ एप्रिलपासून ई-वे बिल. मग ई-इन्व्हॉइस. ऑक्टोबर २०२० मध्ये ते ५०० कोटींच्या वरच्या उलाढालीला लागू झालं तेव्हा आमच्या ओळीत कुणी मान वर करून पाहिलं नाही. पण ती मर्यादा १०० वर आली, ५० वर, २० वर, १० वर, आणि १ ऑगस्ट २०२३ ला ५ कोटींवर. पाच कोटी उलाढाल ही भोसरीत काही बडी कंपनी नव्हे. दहा-बारा मशीनची शेडही त्यात बसते. आता सरकारी पोर्टलवरून नंबर आणि क्यूआर कोड आल्याशिवाय बिल निघत नाही, आणि बिलाशिवाय टेम्पो गेटबाहेर जात नाही. रात्री साडेअकराला नेट गेलं तर माल तयार, गाडी भरलेली, ड्रायव्हर जागा, आणि सगळे त्या एका पडद्याकडे बघत बसलेले.

त्यात गिऱ्हाइकाचं वेगळंच. माल पाठवण्याआधी त्यांच्या पोर्टलवर एएसएन, म्हणजे माल निघाल्याची आगाऊ सूचना, टाकायचा, प्रत्येक बिनवर त्यांच्याच नमुन्याचं बारकोड लेबल लावायचं. लेबलवरची संख्या आणि एएसएनमधली संख्या जुळली नाही तर गाडी त्यांच्या गेटवरून परत. त्यांची लाइन थांबली तर डेबिट नोट. चाकणच्या तळेगाव चौकातल्या कोंडीत अडकलेल्या गाडीबद्दल गिऱ्हाईक एखाद वेळेस समजून घेतं; लेबल चुकलं तर घेत नाही.

आणि सायबर सुरक्षा. हा शब्द आमच्या शेडमध्ये आला तो वाहन उद्योगाच्या आयएटीएफ गुणवत्ता मानकाच्या ऑडिटरबरोबर. आपत्कालीन योजनेत वीज जाणं, मशीन बंद पडणं, कामगार न येणं यांच्या जोडीला सायबर हल्ला झाला तर काय कराल, हेही लिहून दाखवावं लागतं. आमच्या प्रॉडक्शन मॅनेजरना ते थोतांड वाटलं. मग जपानची बातमी आली. १ मार्च २०२२ रोजी टोयोटाचे जपानमधले १४ कारखाने, त्यातल्या २८ लाइन, दिवसभर बंद राहिल्या. टोयोटाच्या स्वतःच्या यंत्रणेत काही बिघडलं नव्हतं. कोजिमा इंडस्ट्रीज या पुरवठादाराच्या संगणकांवर हल्ला झाला होता, आणि त्याच्याकडचे पार्ट येणार की नाहीत हेच कळेनासं झालं होतं. आमचे मालक ती बातमी वाचून म्हणाले, "म्हणजे आपण." त्याच आठवड्यात मला आदेश मिळाला, एक आयटीचा माणूस घ्या.

जाहिरातीचा मजकूर त्यांनी उभ्याउभ्याच सांगितला. हार्डवेअर, नेटवर्किंग, टॅली, एक्सेलमध्ये मॅक्रो, ईआरपीचा अनुभव, सीसीटीव्ही, बायोमेट्रिक हजेरी, कंपनीची वेबसाइट, प्रिंटरची किरकोळ दुरुस्ती, जमल्यास मोबाइल अ‍ॅप. दोन्ही प्लांटला जाण्यासाठी स्वतःची दुचाकी. पगार? "योग्यतेनुसार लिहा." मनातला आकडा पंधरा हजार होता. मी सगळं उतरवून घेतलं आणि म्हटलं, साहेब, ही चार माणसांची कामं आहेत. ते म्हणाले, "एखादा सापडेल की." अशा वेळी नोकरदारानं जे करायचं तेच मी केलं, जाहिरात दिली.

अर्ज पुष्कळ आले. एमसीए झालेले, जावा डेव्हलपर म्हणून नाव नोंदवलेले, ज्यांनी आयुष्यात स्विच आणि राउटर उघडून पाहिला नव्हता असे. हार्डवेअर-नेटवर्किंगचा डिप्लोमा केलेले, ज्यांना जीएसटी हा शब्द ऐकून माहीत होता असे. एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट लॅमिनेट करून आणलेले. आणि कन्सल्टंटांचे फोन. त्यांचा दर बाजारात ठरलेला, वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे बरोबर एक महिन्याचा पगार. मुलगा तीन महिन्यांत गेला तर बदली माणूस देऊ म्हणतात. बदली मिळते तीही तशीच.

ते २०२२ साल होतं. मोठ्या आयटी कंपन्यांतूनच माणसं धडाधड सोडून जात होती. इन्फोसिसनं स्वतः जाहीर केलेला गळतीचा दर त्या वर्षी २८ टक्क्यांपर्यंत गेला होता. हिंजवडीत कुणालाही घेत होते. आमच्याकडे 'हो' म्हणून ऑफर लेटर घेतलेला मुलगा ते पत्र दुसरीकडे दाखवून पगार वाढवून घ्यायचा आणि रुजू व्हायच्या सकाळी फोन बंद. मालक चिडायचे. मला राग येईना. मोठ्या कंपनीत सुरुवातीचा पगार वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास, तोही कित्येक वर्षं न वाढलेला. तरी आमच्या पंधरा हजारांपेक्षा तो बराच जास्त. शिवाय तिथे वातानुकूलित बस, गळ्यात पट्टा, आणि लग्नाच्या बायोडेटात लिहायला एक नाव. 'चाकणला एका कंपनीत कॉम्प्युटर बघतो' यावर मुलीकडचे पुढचा प्रश्न विचारतात. ते नाव सांगितलं की विचारत नाहीत. हा फरक आम्ही पगारात दोन हजार वाढवून कसा भरून काढणार?

हळूहळू माझ्या ध्यानात आलं की आम्ही हिंजवडीशी स्पर्धा करत नव्हतोच. तिथलं काम आमच्याकडे नाही, आणि आमचं काम तिथल्या कुणाला नको आहे. आमच्या सीएमएम या मापं तपासायच्या मशीनला जोडलेला संगणक अजून विंडोज ७ वर चालतो. मायक्रोसॉफ्टनं त्याचा पाठिंबा जानेवारी २०२० मध्ये बंद केला, पण मशीनचं सॉफ्टवेअर पुढच्या विंडोजवर चालत नाही आणि नवं घ्यायचं तर खर्च लाखांत. तो संगणक नेटवर्कपासून तोडून ठेवायचा, तरी रिपोर्ट क्वालिटीच्या टेबलावर पोचवायचा, आणि कुणी त्यात पेन ड्राइव्ह खुपसणार नाही याची काळजी घ्यायची. जुन्या सीएनसीला प्रोग्रॅम अजून आरएस-२३२ केबलनं जातो. लेबल प्रिंटरच्या हेडवर शॉप फ्लोअरची तेलकट धूळ बसते. हे कुठल्याच अभ्यासक्रमात नाही. इथे लागतो तो माणूस, ज्याला माल कुठून येतो आणि कुठे जातो याचं कुतूहल आहे. जाहिरातीत त्याबद्दल एक शब्द नव्हता.

मग मी मुलाखतीची पद्धत बदलली. ऑफिसात बसवून 'डीएचसीपी म्हणजे काय' विचारणं बंद केलं. त्याचं उत्तर बरोबर आहे का हे मलाच ठाऊक नसायचं. उमेदवाराला डिस्पॅचच्या टेबलापाशी नेते. तिथे दुपारी चारला गोंधळ असतोच, तो मुद्दाम घडवावा लागत नाही. लेबल निघत नाहीये, गाडी उभी आहे, डिस्पॅचवाला वैतागलाय. मी बाजूला उभी राहते. बरेच जण सरळ प्रिंटरची केबल काढून परत घालतात. काही जण म्हणतात, "मॅडम, मला अ‍ॅडमिन पासवर्ड द्या." क्वचित एखादा डिस्पॅचवाल्याकडे वळून विचारतो, "दादा, शेवटचं लेबल कधी निघालं? तेव्हापासून काय बदललं?" माझं काम तिथे झालेलं असतं. त्याला बाकी काय येत नाही ते शिकवता येतं.

असा एकजण २०२३ मध्ये आला. इंजिनिअर, मोठ्या कंपनीचं ऑफर लेटर हातात, जॉइनिंगची तारीख नाही. त्या वर्षी अशी पोरं पुष्कळ होती. आदल्या वर्षी वारेमाप ऑफरी दिल्या गेल्या, मग परदेशातली कामं आटली आणि तारखा पुढे पुढे जात राहिल्या. घरी बसून नातेवाइकांना तोंड देण्याचा कंटाळा आला म्हणून तो आला होता. पहिल्याच वाक्यात म्हणाला, "मॅडम, लेटर आलं की मी जाणार." मालक म्हणाले, "मग कशाला घ्यायचा? शिकवायचं आपण आणि उडून जाणार." मी म्हटलं, जन्मभर राहतो म्हणणारे आठवड्यात उडतात, हा निदान सांगून उडेल. घेतला. त्यानं एएसएनचं काम, जे तोवर दोन माणसं हातानं टंकत होती, ईआरपीतून फाइल काढून एका झटक्यात पोर्टलवर चढेल असं करून दिलं. लेटर आलं तेव्हा पेढे घेऊन आला. जाताना एक फुलस्केप वही ठेवून गेला. कुठला स्विच कुठे, कुठली वायर कुणाची, कुठलं लायसन्स कधी संपतं, सगळं मराठीत, आकृत्या काढून. ती वही आजही वापरात आहे. निष्ठा म्हणून मालक ज्या गोष्टीबद्दल बोलतात ती मला या वहीत दिसते, नोकरीच्या वर्षांत नाही.

वहीचं महत्त्व कळायला आमच्या भागात फार लांब जावं लागत नाही. माणूस गेला आणि जीएसटी पोर्टलचा ओटीपी त्याच्याच मोबाइलवर जातो, कंपनीचं डोमेन वेबसाइट करणाऱ्या मुलाच्या नावावर निघतं, सीसीटीव्हीचा पासवर्ड बसवणाऱ्याखेरीज कुणाला ठाऊक नसतो. ही कहाणी दर दुसऱ्या शेडमध्ये ऐकायला मिळते. मालक मग त्या मुलाला 'बेटा' म्हणून फोन करतात. रुजू करून घेतानाच कंपनीच्या नावाचं एक सिम घ्यावं, सगळे ओटीपी त्यावर यावेत, आणि पासवर्डची यादी पाकिटात घालून मालकाच्या कपाटात ठेवावी. खर्च शेकड्यांत आहे. तरी करत नाहीत.

आता ज्याच्याबद्दल लिहावंसं वाटतं तो आमच्याच मशीनवर होता. जुन्नरकडचा, आयटीआय झालेला, दुसऱ्या पाळीचा सीएनसी ऑपरेटर. कुठल्या इन्सर्टनं किती जॉब काढले हे तो मोबाइलमध्ये टिपून ठेवायचा. कुणी सांगितलं नव्हतं. नंतर ते एक्सेलमध्ये घातलं, आणि एक दिवस सुपरवायझरला दाखवलं की अमुक कंपनीचं टूल स्वस्त असूनही महाग पडतंय. प्रोग्रॅमसाठी पेन ड्राइव्ह मशीन-मशीनवर फिरतो आणि त्यातून व्हायरस फिरतो, हेही त्यानंच सांगितलं. मी त्याला विचारलं, आयटीचं काम करशील का? त्याला वाटलं मी थट्टा करते.

त्याला शॉप फ्लोअरवरून ऑफिसात आणणं हे बाहेरून दहा माणसं आणण्यापेक्षा अवघड गेलं. सुपरवायझरचा चांगला ऑपरेटर जाणार, म्हणून तो नाराज. ऑफिसातल्या मंडळींना 'वर्कर'ला शेजारची खुर्ची मिळणं रुचलं नाही. आमच्याकडे स्टाफचा शर्ट वेगळ्या रंगाचा, जेवणाची वेळ वेगळी. या गोष्टी कुणी बोलत नाही पण सगळे पाळतात. हे मला अपेक्षित होतं. अपेक्षित नव्हता तो पगाराचा हिशेब.

ऑपरेटर म्हणून त्याचा पगार साधारण १८ हजार. ओव्हरटाइम कारखाना कायद्यानुसार दुप्पट दरानं, तो धरून महिन्याला २४ च्या आसपास हातात. स्टाफला ओव्हरटाइम नाही. म्हणून मी प्रस्ताव ठेवला, सरळ २५ हजार. मला वाटलं तो खूश होईल. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "मॅडम, एकवीसच्या आत ठेवता येईल का?"

ईएसआयसीची, म्हणजे कामगार विम्याची, पगारमर्यादा २१ हजार आहे, जानेवारी २०१७ पासून तीच. ओव्हरटाइम त्या मर्यादेत धरत नाहीत. म्हणजे ऑपरेटर असताना हातात २४ येऊनही त्याचं कार्ड चालू होतं, आणि त्या कार्डावर त्याच्या आईचे उपचार चिंचवडच्या मोहननगरच्या ईएसआयसी रुग्णालयात चालू होते. २५ हजार पगार झाला की चालू सहामाहीनंतर वर्गणी थांबणार आणि पुढे काही महिन्यांनी कार्डही. बढती म्हणून मी जे पुढे केलं होतं त्यात त्याला महिना हजार रुपये जास्त मिळणार होते आणि आईच्या औषधांचा सगळा खर्च अंगावर येणार होता. त्याची आई म्हणे एकीकडे 'पोरगा ऑफिसात बसणार' म्हणून शेजारणींना सांगत होती, आणि दुसरीकडे त्याला 'एवढा पगार घेऊ नको' म्हणत होती.

पहिलं वर्ष आम्ही २० हजार ५०० वर काढलं, ओव्हरटाइम सुरू ठेवून, कामगार म्हणूनच. शर्ट जुनाच. त्या वर्षात तो टॅलीच्या बाईंकडून जीएसटी शिकला, एएमसीवाल्याकडून नेटवर्क, आणि त्या फुलस्केप वहीतून बाकीचं. मग मी मालकांपुढे स्टाफसाठी ग्रुप मेडिक्लेमचा प्रस्ताव ठेवला, आईवडिलांसकट. आईवडील घेतले की हप्ता चढतो. त्यांनी आकडा पाहून कागद परत सरकवला. मी दुसरा कागद सरकवला. आधीच्या वर्षांत कन्सल्टंटांना आपण काय दिलं आणि त्यातले किती जण आज इथे आहेत. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. सही केली. त्याचा पगार मग २८ झाला, शर्ट बदलला. जुन्या आजाराला पॉलिसीत पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळेल एवढं मी लिहून घेतलं होतं. एचआरच्या नोकरीत मी लढवलेल्या लढायांत ही एक मला मनापासून आवडते.

चाकणच्या प्लांटवर एक मुलगी आहे. राजगुरुनगरकडची, बीसीएस. २०२४ मध्ये राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. तेव्हा पदवीधराला सहा महिने दरमहा १० हजार विद्यावेतन होतं, ते सरकार थेट त्याच्या खात्यात भरायचं. त्या योजनेतून ती आली. वडील सोबत होते. मुलाखत त्यांनीच माझी घेतली म्हणायला हरकत नाही. प्लांटमध्ये आणखी बायका किती? संध्याकाळी किती वाजता सुटते? बस आत येते की हायवेवर सोडते? स्वच्छतागृह वेगळं आहे का? शेवटच्या प्रश्नाला मी 'आहे' म्हटलं आणि त्याच आठवड्यात त्याच्या दाराची कडी बदलून घेतली. हे प्रश्न मुलांचे बाप विचारत नाहीत, म्हणून आमच्यासारख्या कंपन्यांना त्यांची उत्तरं तयार ठेवायची सवय नाही, आणि मग 'मुली येतच नाहीत' असं आम्ही म्हणतो. डिस्पॅचच्या टेबलापाशी तिनं विचारलेला प्रश्न मला आठवतो: "हे लेबल चुकलं तर ओरडा कुणाला बसतो?" सहा महिने संपल्यावर मालकांनीच विचारलं, तिला कायम करायचं ना?

या दोघांवर सगळा भार टाकणं बरोबर नव्हतं. फायरवॉल, बॅकअप, हल्ला झाला तर काय, हे त्यांच्या आवाक्याबाहेरचं. इथे आम्हाला एक निवृत्त गृहस्थ लाभले. एका मोठ्या कारखान्याच्या संगणक विभागात आयुष्य काढलेले, व्हीआरएस घेतलेले. ते आमच्या ओळीतल्या तीन कंपन्यांना वार वाटून देतात, पगारही तिघींत वाटला जातो. त्यांची एकच खोड. बॅकअप आहे का असं ते कधी विचारत नाहीत. कुठल्यातरी जुन्या महिन्याचं एक बिल सांगतात आणि म्हणतात, "परत आणून दाखव." पहिल्यांदा आणता आलं नव्हतं. आता येतं. एकट्या छोट्या कंपनीला असा माणूस परवडत नाही, पण तिघीचौघींना परवडतो. लघुउद्योजकांच्या संघटनांनी असं वाटप जुळवून द्यायचं मनावर घेतलं तर सेमिनारपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

आमच्याकडची जाहिरात आता वेगळी निघते. पगार आकड्यात छापलेला असतो, हातात किती ते वेगळं. काम चार ओळींत: बिल, एएसएन आणि लेबल थांबू द्यायचं नाही, दोन्ही प्लांटचं नेटवर्क, बॅकअप, वही लिहिणं. गुरुवारच्या सुट्टीचंही लिहितो. अर्ज कमी येतात. त्यामुळे माझे दिवस वाचतात. वेबसाइट आणि मोबाइल अ‍ॅप मालकांनी अजून मनातून काढलेलं नाही, पण जाहिरातीतून काढलं.

एक गोष्ट मात्र आमच्या पट्ट्यात कुणीच करत नाही. मुलं ऑफर घेऊन येत नाहीत, फोन उचलत नाहीत, अशी तक्रार मालकांच्या प्रत्येक बैठकीत होते. पण मंचरहून, नारायणगावहून, वाघोलीहून पेट्रोल जाळून आलेल्या, गेटवर तासभर बसवलेल्या, 'कळवतो' म्हणून पाठवलेल्या मुलांपैकी आपण किती जणांना नंतर कळवलं? तेव्हा भोसरी-चाकणच्या मालकांना आणि माझ्यासारख्या एचआरवाल्यांना विनंती एवढीच आहे: मुलाखतीला आलेल्याला जाण्यायेण्याचा खर्च हातावर ठेवा, आणि घ्यायचं नसेल तर दोन दिवसांत फोन करून नाही म्हणून सांगा.